ॲलिसचं माहेर

हवालदार ‘आमचं गाव’ म्हणत, तेव्हा ते कडेगावबद्दल बोलत नसत. हे कळायला मला महिना लागला. ते मूळचे कडेगावचे. तिथे त्यांची उसाची जमीन होती, भाऊबंद होते, वाटणीवरून चाललेलं भांडण होतं. पण त्या गावाला ते नुसतं ‘कडेगाव’ म्हणत. ‘आमचं गाव’ म्हणजे इंग्लंडातल्या सफोक नावाच्या परगण्यातलं एक खेडं. ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी साताऱ्यात आलो आणि त्यांच्या घराची माडी भाड्याने घेतली. महायुद्धात ते पलटणीत कारकून होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पेठेत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी ओळखत नसे. मूलबाळ नव्हतं. खाली ते, त्यांची पत्नी आणि एक काचेचं कपाट राहत असत. कपाट मी मुद्दाम तिसरं धरतो. घरात त्याला तेवढी जागा आणि तेवढा मान होता.

कपाटात जाडजूड इंग्रजी ग्रंथ होते. महाबळेश्वरला एका साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, तेव्हा ते रद्दीत आले आणि हवालदारांनी कातडी बांधणी चांगली म्हणून उचलले. घरी येऊन पाहिलं, तर आत गोष्ट नाही, इतिहास नाही. सफोकमधल्या काही खेड्यांच्या चर्चमधल्या जुन्या नोंदी छापलेल्या होत्या. कोणत्या दिवशी कोणाच्या मुलाचं नाव ठेवलं, कोणाचं लग्न लागलं, कोणाला पुरलं. चारशे वर्षांपूर्वीपासूनच्या नोंदी. दुसऱ्या कोणी ते पुन्हा रद्दीत घातले असते. हवालदारांनी ते वाचले. मग पुन्हा वाचले. मी राहायला गेलो तेव्हा त्यांना ते गाव गल्लीनिशी पाठ होतं.

रोज सकाळी अंघोळ झाली की ते त्या दिवसाची तारीख काढून बसत आणि निरनिराळ्या वर्षी त्या तारखेला गावात काय घडलं ते वाचत. मी चहाला खाली उतरलो की बातमी तयार असे. “लोहाराच्या धाकटीचं आज लग्न. वर शेजारच्या गावचा. मुलगी सुखात पडली.” किंवा, “कातडी कमावणाऱ्याचं दुसरं पोर आज गेलं. थंडी बाधली असणार.” माझं वर्तमानपत्र पुण्याहून दुपारी येई. ते माझ्या हातात बघून म्हणत, “तुमचं शिळं आलं वाटतं.”

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “माणूस तीन वेळा खरा सापडतो. नाव ठेवतात तेव्हा, लग्नात आणि मातीत. मधलं सगळं अफवा.” मी अफवांवर पोट भरणारा माणूस. ते वाक्य माझ्याकडे बघूनच म्हटलं जाई.

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपाटाला ‘सवतीचं कपाट’ म्हणत. त्या माणदेशातल्या, दुष्काळी भागातल्या. बोलणं तिखट. जेवताना हवालदार सफोकमधल्या एखाद्या घराची हकिगत काढत, तेव्हा त्या भाकरी ताटात टाकून म्हणत, “तिलाच सांगा की मग चुलीम्होरं बसाय.” कोयनेकडे धरण झाल्यापासून साताऱ्यात अधूनमधून भांडी वाजत. एका दुपारी धक्का जरा मोठा बसला. मी जिना उतरून अंगणात आलो. वहिनी आधीच तिथे होत्या. हवालदार घरातच होते. दोन्ही हात पसरून कपाटाला पाठ लावून उभे. जमीन थांबली तशा वहिनी उंबऱ्यापर्यंत गेल्या.

“भुई हालली की समदी दुनिया बायकापोरं हुडकती,” त्या म्हणाल्या. “ह्यो मानूस मेलेल्या बायांस्नी धरून उभा ऱ्हातो.”

“अगं, काच आहे. फुटली असती.”

“मी कशाची हाय? लोखंडाची?”

हवालदारांना स्वतःच्या घराण्याची मात्र आजोबांपलीकडची माहिती नव्हती आणि ती मिळवण्याची इच्छाही नव्हती. एकदा मी त्यांच्याबरोबर कडेगावला गेलो असताना तिथे हेळवी आला होता. हे लोक बैलावर बसून येतात आणि घराण्याची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवतात. भावाच्या अंगणात त्याने हवालदारांच्या दहा पिढ्या सांगितल्या. भाऊबंद हात जोडून ऐकत होते. हवालदारांनी विचारलं, “पुरावा काय?”

“पुरावा म्हंजी?” हेळवी म्हणाला. “तुमी हाय की म्होरं बसल्याला.”

सगळे हसले. हवालदार रागावून उसात निघून गेले.

सिस्टर त्यांच्या घरी आल्या त्या माझ्यामुळे, ही नोंद इथे करून ठेवतो, कारण पुढे ती कोणी ठेवली नाही. दुष्काळात मी सांगली जिल्ह्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यावर मजकूर लिहायला गेलो होतो. तिथे या अमेरिकन नर्स होत्या. पन्नाशीच्या, उंच, पुस्तकातलं शुद्ध मराठी बोलणाऱ्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की त्यांचं घराणं अमेरिकेत अगदी पहिल्या गोऱ्या वसाहतींच्या काळात गेलेलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी थॉमस नावाचा एक विणकर बायकोला घेऊन जहाजात बसला. तिकडच्या कागदांत तो सफोकचा एवढंच आहे. गाव कोणतं, बायको कोणाची मुलगी, काही नाही. बायकोचं नाव ॲलिस, एवढंच. त्यांचे भाऊ अनेक वर्षं शोधत होते.

“आमच्या साताऱ्यात एक वेडा आहे,” मी म्हणालो. विनोद म्हणून म्हणालो.

पुढच्या रविवारी त्या एसटीने साताऱ्यात हजर झाल्या. हवालदारांनी थॉमसचं आडनाव ऐकलं, उठले, कपाट उघडलं आणि न शोधता एक पान काढलं. “हा बघा. ह्याचा बाप ओढ्यापलीकडं राहायचा. आईच्या मागं दोन वर्षांत दुसरी केली. हा धाकटा. पुढं हा गावात कुठंच नाही. ना लग्न, ना माती. मी म्हणायचोच, गेला कुठं?” घरातून पळालेल्या एखाद्या पुतण्याबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. सिस्टरनी चष्मा काढून डोळे पुसले.

त्या दिवसापासून त्या दर महिन्याला येत. वहिनींसाठी दवाखान्याच्या बागेतले पेरू आणत, हवालदारांसाठी आपल्या भावांची पत्रं. माझ्यासाठी काही आणण्याचा प्रश्न नव्हता. जिन्यात भेटल्या की “आपण कसे आहात?” म्हणत आणि उत्तराला थांबत नसत. बातमीदाराचा माणूस दुसऱ्याने नेला तर त्याला काय वाटतं, हे ज्याने तो व्यवसाय केला त्यालाच ठाऊक. पुढे भाऊ थेट हवालदारांनाच लिहू लागले. पोस्टमन गल्लीच्या तोंडापासून ओरडत येई, “हवालदार, अमेरिका!” माझी पत्रं तो न ओरडता जिन्यावर टाकून जाई. त्यात पुण्याच्या कचेरीने विचारलेलं असे, की फलटणच्या साखर कारखान्याची बातमी आपल्या आधी दुसरीकडे कशी आली.

आणीबाणी लागली. मी पाठवलेल्यातलं निम्मं छापून येईना. खाली हवालदारांचं काम मात्र जोरात चाललं होतं. थॉमस सापडला, गाव सापडलं. आता प्रश्न ॲलिसचा होता. थॉमसच्या लग्नाच्या आसपासची लग्नांची पानं मूळ वहीतूनच गेलेली होती, असं ग्रंथातच छापलं होतं. म्हणजे नववधू कोण, हे अंदाजानेच काढायला हवं होतं. सिस्टरच्या भावांनी कळवलं, की सगळं घराणं एका उन्हाळ्यात त्या गावी जमणार आहे, चर्चमध्ये थॉमस आणि त्याच्या बायकोच्या नावाची पाटी बसवणार आहे. हवालदारांनी बायकोचं माहेर शोधून दिलं, तर त्यांनाही तिकीट काढून नेलं जाईल.

हवालदार त्या दिवशी जेवले नाहीत. पासपोर्टचा अर्ज आणला गेला. पेठेतल्या शिंप्याकडे कोट टाकला. आयुष्यात एकदा का होईना, ‘आमचं गाव’ डोळ्यांनी बघायला मिळणार होतं. मी सातारा-कोयनानगर-सांगली एवढ्यातच फिरत होतो आणि पुढेही फिरणार होतो.

ॲलिस शोधायला त्यांना तीन वर्षं लागली. त्यांनी निवडलेली मुलगी होती जोन, पाणचक्कीवाल्याची. बाप पैसेवाला, भाऊ चार. थॉमसच्या वयाला शोभणारी. तो गावातून नाहीसा झाला त्याच सुमारास तीही नोंदींतून नाहीशी झाली होती. घरात दुसरा विषय नव्हता; फक्त सिस्टरसमोर, पक्कं होईपर्यंत, हवालदार तिचं नाव काढत नसत. जोनच्या आईला बाळंतपणात त्रास होत असणार. जोनचे भाऊ तापट असणार. जोन दिसायला बरी असणार, नाहीतर विणकरासारखा गरीब माणूस चक्कीवाल्याच्या दारात कशाला जाईल?

“दिसाय बरी?” वहिनी म्हणाल्या. “कुटल्या पानावर लिवलंय?”

“अंदाज.”

“मी कशी व्हते लग्नात? करा अंदाज.”

हवालदारांनी चष्म्यावरून पाहिलं. “तू… बुटकी होतीस.”

वहिनी जोनवर मनापासून जळत. त्या कपाटाची धूळ पुसताना तेवढा एक ग्रंथ वगळत. मला सांगत, “भावजी, आपल्या घरात आपल्यापरीस जास्त वळख दुसरीची असली, तर बाईनं काय करावं?” मला स्वतःला हवालदारांच्या कोटाचं कापड दिसलं तरी पोटात दुखे.

शेवटी निबंध तयार झाला. इंग्रजी त्यांचं, टाईपरायटर माझा. मी सगळी पानं टाईप केली, स्वल्पविराम दुरुस्त केले, मजकुरात मला कुठेही खोट दिसली नाही. निबंध सिस्टरकडे गेला. पुढच्या रविवारी त्या आल्या त्या हातात तेच कागद घेऊन. दुपारची वेळ. हवालदार आरामखुर्चीत, मी खिडकीत, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात गहू निवडत.

“हवालदारसाहेब,” सिस्टर म्हणाल्या, “आपण जोनविषयी फार सुंदर लिहिले आहे. पण आमच्या घराण्यातील स्त्रीचे नाव ॲलिस होते.”

“बरोबर.”

“मग जोन कोण?”

“तीच.”

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी साधी गोष्ट त्यांना का कळू नये, हे मला कळेना.

“त्या गावात ॲलिस नावाची मुलगी नव्हती का?”

“होती की. थॉमसच्या घराला लागूनच. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणून तर तिला आधीच बाजूला काढली.”

“बाजूला का काढली?”

हवालदारांना आता सिस्टरच्या अडाणीपणाची कीव यायला लागली होती. “जिचं नाव माहेरी ॲलिस, तिचं सासरी परत ॲलिस कसं असेल?”

तेव्हा वहिनी सूप खाली ठेवून मदतीला आल्या. “आवं बाई, माहेरचं नाव जोन. लगीन झाल्यावर नवऱ्यानं ठिवलं ॲलिस. आमच्यात तांदळात अंगठीनं लिवत्यात, तुमच्यात कशात लिवत्यात कुनाला ठावं. त्यात न कळन्यासारखं काय हाय?”

“आमच्यामध्ये आडनाव बदलते,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. “नाव बदलत नाही.”

“आता नसेल बदलत,” हवालदार म्हणाले. “मी साडेतीनशे वर्षांपूर्वीचं सांगतोय.”

“तेव्हाही नाही. कधीच नाही.”

निबंधात हे कारण कुठेही लिहिलेलं नव्हतं. जे शेंबड्या पोराला माहीत आहे ते लिहायचं नसतं, हे त्यांना मीच शिकवलं होतं. हवालदार उठले. कपाट उघडलं, पान काढलं आणि शेजारच्या घरातल्या ॲलिसवर बोट ठेवून उभे राहिले. तीन वर्षं ती तिथेच होती, थॉमसच्या चार ओळी खाली. तीही त्याच सुमारास गावातून नाहीशी झाली होती. मला जे वाटलं ते आनंदाच्या फार जवळचं होतं.

पण सगळ्यात आधी बोलल्या त्या वहिनी.

“म्हंजी ती मरस्तवर ॲलिसच?”

“होय,” सिस्टर म्हणाल्या.

“आईनं हाक मारली त्याच नावानं नवऱ्यानंबी मारली?”

“होय.”

“बोटीत बसून समिंदरापल्याड गेली तरी?”

“तरीही.”

“लय नशिबाची,” वहिनी म्हणाल्या. तीन वर्षं ज्या जोनवर त्या जळल्या, तिला त्यांनी तिथल्या तिथे सोडून दिलं. आवाजात जे होतं ते आता ॲलिससाठी होतं आणि ते पहिल्यापेक्षा कडू होतं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

“माजं काय व्हतं?”

“काय?”

“नाव. आईबानं ठिवल्यालं.”

हवालदार ग्रंथ उघडा धरून उभे होते. त्यांनी तो मिटला. लग्नात ते सोळा-सतरा वर्षांचे होते, वहिनी दहाच्या आतबाहेर. जे नाव त्यांनी तांदळात लिहिलं तेच पुढे रेशनकार्डापर्यंत आलं. त्याआधीचं कधीतरी भटजींनी एकदा उच्चारलं असेल.

“काहीतरी… फुलाचं होतं,” ते म्हणाले.

“न्हाई.”

“देवीचं?”

वहिनींनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या.

संध्याकाळी आम्ही तिघं सिस्टरना पोचवायला स्टँडवर गेलो. गाडी लागायच्या आधी वहिनींनी सिस्टरचा हात धरून त्यांना चार पावलं बाजूला नेलं. उंच सिस्टर खाली वाकल्या. वहिनी त्यांच्या कानात काहीतरी म्हणाल्या. सिस्टरनी ते पुन्हा उच्चारून पाहिलं, वहिनींनी मान हलवून उच्चार दुरुस्त केला, आणि दोघी हसल्या. हवालदार आणि मी उसाच्या रसाच्या गाड्याशी उभे होतो.

“काय म्हणाली?” हवालदारांनी विचारलं.

“ऐकू आलं नाही.”

“कसले बातमीदार हो तुम्ही!”

मी नंतर दवाखान्यात जाऊन सिस्टरना विचारलं. खोदून विचारलं. “ते मला सांगितले आहे,” त्या म्हणाल्या. “आपल्याला नाही.” माझा माणूस त्यांनी एकदा नेला होताच. आता माझ्या घरमालकिणीची बातमीही त्यांच्याकडेच गेली.

महिन्याभरात अमेरिकेचं पत्र आलं. शेजारची ॲलिस घराण्याला मान्य होती. पाटीवर तिचं नाव तिच्या बापाच्या नावासह कोरलं जाणार होतं. चूक झाली तरी काम हवालदारांचंच होतं, त्यामुळे तिकीट कायम. पासपोर्ट आलेला होता. कोट शिवून खुंटीवर होता. हवालदारांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला उत्तर टाईप करायला सांगितलं. येऊ शकत नाही. आभारी आहे.

मला राहवलं नाही. “अहो, तुमचं गाव! आयुष्यभर…”

“तिकडं आता काय राहिलंय?” ते म्हणाले. “सापडली की ती.”

त्याच आठवड्यात त्यांनी माणदेशाची एसटी धरली. आधी मामलेदार कचेरीत गेले. ब्रिटिश अमदानीत कोतवाल गावोगाव जन्ममृत्यूची नोंद करत असे, हे त्यांना ठाऊक होतं. ओळखीचा कारकून काढला, बस्ते सोडवले आणि सासऱ्याच्या नावासमोर नोंद सापडलीही. बापाचं नाव, जात, गाव. अपत्याच्या रकान्यात लिहिलं होतं: मुलगी.

“चक्कीवाल्याची पोर जोन,” ते मला सांगत होते. “विणकराच्या शेजारची ॲलिस. लोहाराच्या पाचही पोरी नावानिशी. अन् आपल्याकडं मुलगी.” मला वाटतं, साहेबाच्या राज्याचा एवढा राग त्यांना पलटणीतही आला नसेल.

सासुरवाडीत वहिनींचे भाऊ आता नव्हते. भाचा पलटणीत होता. एका म्हाताऱ्या चुलतीने सांगितलं, “आमी समदी तिला बाय म्हनायचो.” एका मेंढक्याने नाव सांगितलं, पण ते कोणाचं हे त्याला नक्की आठवेना. हवालदार अंगावर धूळ घेऊन परत आले आणि वहाणा न काढता दारातच उभे राहिले. वहिनी भाकरी थापत होत्या.

“घावलं का?”

“हौसा?”

“ती माजी थोरली भन. देवीच्या साथीत गेली.”

“चांगुणा?”

“चुलत्याची.”

हवालदार उंबऱ्यावर बसले. “अगं, मग तूच सांगून टाक की.”

“का? त्या ॲलिसनं सांगितलं व्हतं व्हय तुमास्नी?” वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली. “हुडका. मला कुटं घाई हाय?”

गुरुवारी ते पुन्हा निघाले. वहिनींनी दशम्या बांधून दिल्या, कोट खुंटीवरून काढून त्यांच्या अंगात घातला आणि ते कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. त्यांना दारात उभं राहिलेलं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मी जिना उतरत होतो. मला बघून त्यांनी पदर सारखा केला.

“ह्या खेपंला लय लांब जानार हाईत, भावजी,” त्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “पार माज्या मामाच्या गावापातुर.”